धर्माकाका आणि चौथी बॅग

रविवार, अठ्ठावीस डिसेंबर, सकाळचे साडेदहा. स्थळ: पनवेल, आमच्या सोसायटीचा दुसरा मजला, धर्माकाकांचा हॉल. हजर: धर्माकाका, काकी, कॅनडाहून सुटीवर आलेला त्यांचा मुलगा नितीन, सून पल्लवी, तळमजल्यावरचे सबनीस सर, मी आणि चार बॅगा. सबनीस सरांना कुणी बोलावलं नव्हतं. मला बोलावलं होतं, कारण मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि विमानतळावर न्यायला दुसरी गाडी माझी होती. टॅक्सी दीड वाजता येणार होती.

बॅगा हजेरीत धरल्या म्हणून हसू नका. धर्माकाकांच्या लेखी बॅग ही व्यक्तीच असते. ती बोलते, रुसते, तिला पोट असतं आणि पोट बिघडलं की ती परदेशात कुटुंबाची अब्रू घालवते. त्या सकाळी त्या चार जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि काका त्यांच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. पेपर आदल्या दिवशीचा होता.

काका मूळचे उरणजवळच्या करंज्याचे. घर मासेमारीचं, भावाची बोट अजून आहे. काका मात्र तरुणपणीच जासईच्या एका कंटेनर यार्डात लागले आणि निवृत्तीपर्यंत कंटेनर भरून घ्यायच्या कामावर राहिले. जड कुठे, हलकं कुठे, आधी उतरायचं ते दाराशी, आणि समुद्रात हेलकावे बसले तरी आतला माल जागचा हलता कामा नये. निवृत्त झाल्यावर चाळीस फुटांच्या पेटीवरून ते एकदम अडीच फुटांच्या बॅगेवर आले. ते कसं घडलं, ते मी पाहिलं आहे.

सबनीस सरांची मुलगी जर्मनीला शिकायला निघाली होती. बॅग बंद होईना. आधी तिच्यावर सर बसले, मग बाई बसल्या, मग दोघं एकदम बसले आणि मुलगी खालून चेन ओढत राहिली. दार उघडंच होतं. मासळीची पिशवी घेऊन काका जिन्याकडे चालले होते, ते उंबऱ्यात थांबले.

"उतरा, सर," ते म्हणाले. "बॅग हाय ती, उंट नाय."

पिशवी बाईंच्या हातात देऊन ते फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी सगळी बॅग उपसली. तासाभराने तीच बॅग एका बोटाने बंद झाली. मग त्यांनी ती उचलून कानाशी धरली, हलवली आणि भुवया चढवल्या. "बोलते हाय अजून." परत उघडली, कुठल्याशा कोपऱ्यात मोज्यांची एक जोडी खोचली, पुन्हा हलवली. "आता गप झाली." शेवटी खिशातून मासे धरायच्या जाळ्याचा हिरवा दोरा काढला आणि बॅगेला आडवा-उभा बांधून एक गाठ मारली. कंटेनरला सील असतं, तसं हे सील. गाठ अशी की आखूड टोक ओढलं की सुटते, लांब ओढलं की आवळते. फ्रँकफर्टच्या विमानतळावर ती कुणालाच सुटली नाही म्हणे. कापावी लागली.

त्यानंतर आमच्याच नव्हे, शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या बॅगाही काका भरू लागले. हल्ली पनवेलमध्ये घरटी एकजण कुठेतरी बाहेर असतोच. निघायच्या दिवशी काकांना बोलावणं जायचं आणि ते हाफपँट, बनियन आणि हातात वजनकाट्याचा आकडा अशा वेशात हजर व्हायचे. त्यांच्या अटी ठरलेल्या. पंखा बंद. चहा काम झाल्यावर. घरातल्या बायकांनी सूचना करायच्या नाहीत, पुरुषांनी खोलीतच थांबायचं नाही. रिकामा बूट हे त्यांच्या मते पाप. माझी मुलगी नोकरीसाठी आयर्लंडला गेली, तेव्हा तिच्या पळायच्या बुटांत त्यांनी लसणीच्या चटणीच्या दोन बाटल्या बसवल्या होत्या. ती अजून त्या बुटांतून पळते. तिच्या मागे कुत्री लागतात, असं तिचं म्हणणं आहे.

बॅग भरताना काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे: "हवा नेऊ नको. हवा तिकडं पण हाय."

बॅग कधीच वजनाबाहेर जायची नाही, याचं आम्हाला फार कौतुक होतं. त्याचं गुपित सबनीस सरांच्या घरी पहिल्याच बॅगेला कळलं होतं. मुलगी उडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका कापडी पिशवी घेऊन दारात उभे. "विमान उडालं का? पोचली? घ्या मग." पिशवीत एक प्रेशर कुकर, हळदीकुंकवाचा चांदीचा करंडा आणि सरांनी मुलीला आवर्जून दिलेला जाडजूड शब्दकोश. भरता भरता काकांनी ते सोफ्यामागे सरकवलं होतं आणि निघताना घरी नेलं होतं. आधी सांगितलं असतं तर रडारड झाली असती, म्हणून विमान उडाल्यावर. सर चिडले. पण महिन्याभरात मुलीचा फोन आला, तिथे कुकर मिळतो आणि शब्दकोश फोनमध्ये असतो. पुढे पुढे लोक बॅग गेल्यावर स्वतःच विचारायला यायचे, काका, आमची हवा किती निघाली?

अशा माणसाच्या स्वतःच्या मुलाची बॅग ही साधी गोष्ट नव्हती.

नितीन सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा कॅलगरीला गेला तो जानेवारीत. त्यासाठी त्याने मुंबईला जाऊन एक जाकीट घेतलं होतं, आत पिसं भरलेलं, निळं, उशीसारखं फुगलेलं. पनवेलमध्ये ते घालून बघणंसुद्धा शिक्षा होती. विमानातून उतरलं की बॅग उघडायची आणि ते चढवून बाहेर पडायचं, असा त्याचा बेत. काकांनी बॅग भरायला घेतली आणि ते जाकीट दोन तळव्यांत धरून दाबलं. ते चपातीएवढं झालं. सोडलं, पुन्हा फुगलं. दाबलं, सोडलं. एवढ्या मोठ्या वस्तूत आत काहीच नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं असणार. ते सोफ्यामागे गेलं. त्याच्या जागी करंज्याची सुकट, काकीचा मसाला आणि पाच किलो तांदूळ असा भरीव माल बसला.

दुसऱ्या दिवशी पोचल्याचा फोन यायचा म्हणून अर्धी सोसायटी हॉलमध्ये जमली होती. फोन स्पीकरवर होता. नितीनचे दात वाजत होते, ते आम्हाला आधी ऐकू आलं. तो विमानतळाच्या दाराशी उभा होता, बाहेर बर्फ होतं आणि उघड्या बॅगेत सुकट होती. घ्यायला येणाऱ्या मित्राला त्याने गाडीतलं कुत्र्याचं ब्लँकेट आणायला सांगितलं होतं. काकांनी फोनकडे वाकून विचारलं, "सुकट नीट पोचली ना?"

मग नितीन म्हणाला, "बाबा, माझ्या बॅगेला पुन्हा हात लावू नका."

त्या दिवसापासून काका 'हवा' हा शब्द बोलले नाहीत. लोकांच्या बॅगा भरत राहिले, पण सोफ्यामागे काही सरकवणं बंद. प्रत्येक वस्तू वर धरून ते विचारायला लागले, "हे नेऊ?" रुमाल, कंगवा, मोज्यांचा एक पाय, दुसरा पाय. लोक कंटाळायचे. सबनीस बाई मुलीकडे निघाल्या तेव्हा बॅग भरता भरता दुपार टळली, आणि शेवटी बाईच म्हणाल्या की काका, तुम्हाला वाटेल ते काढा हो. काका मान खाली घालून म्हणाले, "नको बाय. थंडी असते तिकडं."

बापलेकांचं बोलणं चालू होतं, पण ते काकीमार्फत. "इचार त्याला जेवला का." मधे एकदा नितीन आतेबहिणीच्या लग्नाला चार दिवस आला. हातात फक्त एक छोटी बॅग, आणि ती तो झोपतानाही उशाशी घ्यायचा. जाकीट काकांच्या कपाटात काकीच्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेलं होतं. दिवाळीच्या आधी काका ते गच्चीवर उन्हात टाकायचे आणि शेजारी राखण करत बसायचे. लोक पापड राखतात तसं.

म्हणून या डिसेंबरला नितीन बायकोला घेऊन, पुरत्या चार बॅगांनिशी येणार म्हटल्यावर सोसायटीत एकच प्रश्न होता. जाताना त्या बॅगा कोण भरणार? सबनीस सरांनी तर पैज लावायला माणूस शोधला. काकांना विचारलं की म्हणायचे, मला काय, मी मोकळा हाय. पण मी जिन्यातून पाहिलं होतं. काट्याच्या आकड्याला तेल दिलेलं होतं आणि करंज्याहून दोऱ्याचं नवं रीळ आलं होतं.

नितीनची सुटी म्हणजे भेटींची धावपळ. गाडी माझी, म्हणून मीही सगळीकडे. करंज्याला नितीनच्या चुलत्याच्या घरी बंदरावरून त्याच दिवशी आलेले मासे, आणि पल्लवी नागपूरची, तिला एका वेळी इतके काटे आयुष्यात भेटले नव्हते. उलव्याला शाळेतला मित्र बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलेला. त्याच्या गॅलरीतून एकही पूर्ण झालेली इमारत दिसत नव्हती, पण विमान उतरताना दिसत होतं आणि तो दर विमानाला आम्हाला उठवून दाखवत होता. प्रत्येक घरी जेवण आणि प्रत्येक घरी निघताना काहीतरी हातात. आत्याने सुके बोंबील दिले. मित्राने काचेच्या चौकटीतला गणपती दिला, चांगला दोन हात रुंद. कुणी तांब्याचा हंडा दिला.

काका मागच्या सीटवर बसायचे. दर भेटवस्तू "बघू" म्हणून हातात घ्यायचे, जरा वर-खाली करायचे आणि परत द्यायचे. हंडा हातात आला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की गाडी बाजूला घेऊ का, असं मी विचारलं.

नितीनने मात्र तयारी करून ठेवली होती. त्याने हवा ओढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. कपडे आत घालायचे, छोटा पंप लावायचा, घर्र आवाज होतो आणि स्वेटरांचा पापड होतो. आदल्या संध्याकाळी त्याने हॉलमध्ये हे प्रात्यक्षिक केलं. काका पेपराच्या वरून बघत होते. तीन स्वेटर सपाट झाले तेव्हा ते नकळत उठून उभे राहिले. मग त्यांना आठवलं आणि ते पाणी प्यायला गेले. चारही बॅगा नितीनने स्वतः भरल्या, स्वतः बंद केल्या. काकीने माझ्याकडे पाहिलं. मी निघायच्या तयारीची यादी केली होती, तिच्यातलं 'बॅगा' खोडलं.

आता पुन्हा रविवारकडे येते. साडेदहा वाजून गेले होते. सबनीस सर नव्या विमानतळामुळे पनवेलच्या घरांचे भाव कुठे जाणार ते सांगत होते. तेवढ्यात भिंतीकडून फुस्स असा आवाज आला. मला वाटलं, गॅस. काकी आत धावली. पण आवाज दुसऱ्या बॅगेतून येत होता. आम्ही बघता बघता तिचं पोट पुढे आलं. कुठल्यातरी पिशवीचं बूच सैल राहिलं होतं आणि रात्रभर दाबून ठेवलेले स्वेटर श्वास घेत होते. मग तिसरीतून आवाज आला. पल्लवी दुसरीवर बसली, सबनीस सर तिसरीवर बसले. नितीन पंप शोधायला धावला, तर तो पहिल्या बॅगेत तळाशी. आणि मग चौथी, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, तिची चेन टर्रर्र करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. झाकण वर उडालं. आतून तांब्याचा हंडा गडगडत येऊन काकांच्या पायाशी थांबला.

काकांनी पेपर खाली ठेवला नाही. पण पेपर थरथरत होता. ते रडतायत की काय म्हणून मी वाकून पाहिलं. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता.

नितीनने हंडा पाहिला, उसवलेली बॅग पाहिली, घड्याळ पाहिलं. मग वडिलांसमोर फरशीवर उकिडवा बसला.

"बाबा," तो म्हणाला, "भरा तुमी."

काकांनी पेपराची घडी घातली. "पंखा बंद करा," ते म्हणाले. "सर, उतरा."

त्यानंतर जे झालं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. काका बसले आणि चारही बॅगा उपसल्या गेल्या. पहिली वस्तू उचलून ते म्हणाले, "हे नेऊ?" नितीन म्हणाला, विचारू नका. दुसरी वस्तू उचलून पुन्हा म्हणाले, "हे नेऊ?" नितीनने त्यांचा हात धरला आणि ती वस्तू त्यांच्याच हाताने बॅगेत ठेवली. तिसऱ्या वस्तूला त्यांनी विचारलं नाही. हंड्यात बोंबील गेले, हंड्याभोवती स्वेटर गेले, पल्लवीच्या बुटांत मसाला गेला. गणपतीची चौकट खोलून काच बाजूला ठेवली आणि गणपती दोन साड्यांच्या मधे झोपवला. मधेच काका म्हणाले, "ही सगळी हवा," आणि खोक्यांचा ढीग मागे ढकलला. काकी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. साडेबाराला चारच्या तीन बॅगा झाल्या होत्या.

मग काका आत गेले आणि लुगड्यातलं गाठोडं घेऊन आले. त्यांनी ते नितीनसमोर सोडलं. जाकीट फुगून वर आलं, सात वर्षांत जराही न बसलेलं. नितीनने अंगात घालून पाहिलं. पोटावर चेन लागेना. पल्लवी हसून लोळली. काकांनी तिसऱ्या बॅगेतून सुकटीची मोठी पिशवी काढली, बाजूला ठेवली आणि त्या जागी जाकीट नीट घडी घालून बसवलं. सुकट काढताना त्यांचा हात जरा रेंगाळला, एवढंच. बॅगा हलवून ऐकल्या. तिन्ही गप्प. तिन्हींना हिरवा दोरा, तिन्हींना गाठ.

टॅक्सी वेळेआधी आली. डिकी कशी लावायची ते ड्रायव्हरला शिकवायला काका खाली पळाले आणि सबनीस सर त्यांना मदत करायला. मी पल्लवीबरोबर आतल्या खोलीत पासपोर्ट तपासत होते. हॉलमध्ये नितीन एकटाच होता, बॅगांपाशी.

विमानतळावर काचेच्या दारापलीकडे तिकीट असणाऱ्यांनाच सोडतात, त्यामुळे निरोप फूटपाथवर. काकांनी सवयीने प्रत्येक बॅग आकड्याला लावली. तिसरी उचलताना ते थांबले. परत वजन केलं. कानाशी नेऊन हलवली. बॅग गप्प होती. मग त्यांचं लक्ष गाठीकडे गेलं. नितीन डावखुरा आहे, लहानपणापासून आजोबांच्या बोटीवर गाठी मारायचा, त्या उलट्या पडायच्या. ती गाठ उलटी होती.

मला वाटलं, आता इथेच बॅग उघडणार. काकांनी अंगठ्याने गाठ दाबून बघितली. "घट्ट हाय," ते म्हणाले आणि बॅग ट्रॉलीवर चढवली. नितीन वाकला, तर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, बॅग भरून झाल्यावर मारतात तशीच. तिघीजणी ट्रॉलीवर बसून आत गेल्या. दोरे काचेतून बराच वेळ दिसत होते.

संध्याकाळी मला नितीनचा मेसेज आला: 'विमान उडतंय. बाबांना सोफ्यामागे बघायला सांगा.' मी वर गेले. काकी आधीच ओरडत होती की सुकटीची पिशवी कुठे गेली. सोफ्यामागे चौथी बॅग होती, उसवलेल्या चेनची, दोऱ्याने बांधलेली, उलट्या गाठीने. काकांनी आखूड टोक ओढलं. आतून जाकीट वर आलं. त्याच्या खिशाला नितीनने पिन लावून चिठ्ठी टोचली होती: 'मला होत नाही. तुम्हाला होईल. मे महिन्यातसुद्धा तिकडे रात्री थंडी असते. ही हवा नाही, घेऊन या.'

काकांनी जाकीट दोन तळव्यांत धरून दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. "सुकट नेली ना त्याने?" त्यांनी मला विचारलं. नेली, मी म्हटलं. मग ते जाकीट घालून आरशासमोर गेले.

धर्माकाकांच्या कॅनडा प्रवासाची यादी अर्थात मी केली. फोटो काढून झाला. पासपोर्टचा अर्ज झाला, पोलीस येऊन चहा पिऊन गेले, पासपोर्ट आला. काकीचाही आला. तिचे वूलनचे मोजे घेतले. व्हिसाची तारीख मिळाली. परवा भर मार्चच्या दुपारी मी वर गेले तर दार उघडंच होतं. काका हाफपँटवर निळं जाकीट घालून फरशीवर बसलेले, कपाळावरून घाम गळतोय, समोर चौथी बॅग रिकामी पसरलेली, हातात पक्कड. चेन बाजारात दुरुस्तीला देऊ का, मी पंधरा मिनिटांत करून आणते, असं मी विचारलं.

"नको, शेक्रेटरी," ते म्हणाले. "माझी बॅग हाय. मीच करणार."

उद्या करतो म्हणाले. यादीत बाकी सगळ्यापुढे खूण झाली आहे. चेन राहिली आहे.